चार्जच्या यादीत पोरं नाहीत

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरी मोठीत, किंवा तिच्या आसपासच्या कुठल्याही गावात, जूनअखेर पहिलीला बसणारं एखादं पोर डोळ्यांसमोर आणा. चौथी पास होईपर्यंत त्याला किती शिक्षक मिळतील? शाळेला सांगता येणार नाही, केंद्रप्रमुखाला नाही, भंडाऱ्याच्या जिल्हा परिषदेलाही नाही. सरकारजवळ त्या पोराचा आधार क्रमांक आहे, जन्मतारीख आहे, जात आहे, रोज किती तांदूळ शिजला तेही आहे. चार वर्षांत त्याच्यापुढे किती गुरुजी आले आणि किती गेले, याचा मात्र रकाना नाही. जे मोजलंच जात नाही, त्याची लाज कुणाला वाटणार?

बदलीचा सगळा हिशेब शिक्षकाच्या वर्षांनी चालतो. सर्वसाधारण क्षेत्रात 10 वर्षं सेवा आणि चालू शाळेत 5 वर्षं झाली की शिक्षक बदलीपात्र होतो. अवघड क्षेत्रात 3 वर्षं काढली की तो बदलीला अधिकारपात्र ठरतो. बदलीत अग्रक्रम मिळणाऱ्या संवर्ग एकमध्ये गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा आणि वयानं मोठे शिक्षक येतात. संवर्ग दोनमध्ये 30 किलोमीटरपेक्षा लांब नोकरी करणारे नवरा-बायको येतात. यातलं एकही कारण खोटं नाही. बायको नाशिकला, नवरा लाखांदूरला आणि लेकरू आजीजवळ, असा संसार कुणी हौसेनं करत नाही.

पण अवघड क्षेत्राचं ते 3 वर्षांचं कलम पोराच्या बाजूनं वाचा. पहिलीला शिकवायला आलेल्या मॅडमना पोर चौथीत जायच्या वेळी निघून जायचा हक्क मिळतो. जिथं रस्ता धड नाही, घरात अक्षर वाचणारं कुणी नाही, शिकवणी लावायची ऐपत नाही, तिथंच शिक्षक सर्वांत आधी सुटतो. शिक्षकाला न्याय द्यायला हा नियम हवाच. मग त्याच गावातल्या पोराला न्याय देणारा दुसरा नियम बदलीच्या शासन निर्णयात का नाही, हा माझा प्रश्न आहे, आणि तो मी शिक्षकांना विचारत नाही, मंत्रालयाला विचारतो.

27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयानं बदल्या ऑनलाइन झाल्या. त्याआधी वशिला चालायचा, पुढाऱ्याची चिठ्ठी चालायची, काही ठिकाणी पाकीटही चालायचं. ते बऱ्याच अंशी थांबलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र 2018 च्या पहिल्या फेरीत शिक्षकांच्या तोंडी जे शब्द बसले ते आठवा: खो, विस्थापित, रँडम राउंड. वरच्या संवर्गातल्या शिक्षकानं तुमची शाळा मागितली की तुम्हाला खो बसला. मग तुम्ही विस्थापित. पसंतीची शाळा मिळाली नाही तर रँडम राउंडमध्ये संगणक पाठवील तिकडं जायचं. कुठल्या शिक्षकानं कुठं जावं हे संगणकानं चोख ठरवलं. तो ज्या वर्गातून उठला त्या वर्गाचं काय, हे संगणकाला कुणी विचारायला शिकवलंच नाही.

आणि मुळात जागा भरलेल्या असत्या, तर हे सगळं निभलं असतं. एक गेला, दुसरा आला, आठवडाभरात घडी बसली. आपल्याकडे तसं होत नाही, कारण माणसंच नाहीत. 2010 च्या सीईटीनंतर जिल्हा परिषदांची शिक्षक भरती जवळपास थांबली. मे 2012 मध्ये तर सरकारनं भरतीवर बंदीच घातली. 2017 मध्ये भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं, डिसेंबर 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी झाली आणि नेमणुका मिळायला 2019 उजाडलं. पुढची चाचणी 2023 मध्ये, नेमणुका 2024 मध्ये. या सगळ्या वर्षांत निवृत्त होणारे शिक्षक काही थांबले नव्हते. आता 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं 5 वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायला सांगितलं आहे. जे होणार नाहीत त्यांच्या जागा रिकाम्या होतील. त्या कोण भरणार, कधी भरणार, याचं वेळापत्रक कुठं आहे?

माणसं कमी असली की बदली म्हणजे खड्डा एका गावातून उचलून दुसऱ्या गावात नेणं होतं. प्रशासनानं त्यासाठी समानीकरण आणलं आहे. म्हणजे रिक्त जागा सगळ्या तालुक्यांना सारख्या वाटायच्या. अमुक शाळेतली अमुक जागा मुद्दाम रिकामी ठेवायची, ती बदलीच्या यादीत दाखवायचीच नाही. शिक्षक वाटता येत नाहीत म्हणून आपण त्यांची अनुपस्थिती वाटतो, आणि तिला कार्यालयीन नाव देतो.

2023 मध्ये रत्नागिरीत काय झालं ते सगळ्या जिल्ह्यांनी पाहिलं. आंतरजिल्हा बदल्यांत एका झटक्यात सातशेच्या वर शिक्षक जिल्ह्याबाहेर गेले. ते आपापल्या गावी पोचले, त्यांच्या घरी दिवाळी झाली, आणि कोकणातल्या कितीतरी शाळा शून्यशिक्षकी झाल्या. पालक रस्त्यावर आले. त्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बदली द्यायची तर त्याच दिवशी बदलीवर माणूस द्यायचा, एवढं साधं काम ज्यांचं होतं, त्यांनी ते केलं नाही.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 26. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळेतल्या रिक्त जागा मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. हे कलम शाळेबद्दल बोलतं. आपल्याकडे मात्र टक्का काढतात जिल्ह्याचा. आता दोनशिक्षकी शाळा घ्या. आपल्या भागात तशाच शाळा जास्त, कारण 60 पोरांपर्यंत कायद्यानं दोनच शिक्षक मिळतात. त्यातला एक गेला की 50 टक्के जागा रिकाम्या. म्हणजे दोनशिक्षकी शाळेत एकही जागा रिकामी ठेवायची कायद्याची परवानगीच नाही. जिल्ह्याची सरासरी पुढे करून ही गोष्ट झाकली जाते. सरासरीनं कुठल्याही वर्गात फळ्यापुढे कुणी उभं राहत नाही.

याचा परिणाम कसा दिसतो? लाखांदूर तालुक्यातल्याच एका शाळेत चौथीतल्या मुलीची वही पाहिली. हातच्याची वजाबाकी. 52 वजा 27. मुलीनं उत्तर लिहिलं होतं 15. हुशार मुलगी, अक्षर सुरेख, पाढे तोंडपाठ. मग चुकलं कुठं? तिला म्हटलं, मोठ्यानं बोलत सोडव. तिनं वरच्या 5 मधला एक दशक सुटा केला, 5 चे 4 झाले, 2 चे 12 झाले. बरोबर. बारातून सात गेले, पाच राहिले. तेही बरोबर. मग तिनं खालच्या 2 वर एक हातचा चढवला, 2 चे 3 केले, आणि चारातून तीन वजा केले.

तिला दोन शिक्षकांनी दोन रीती शिकवल्या होत्या. आधीच्या मॅडमनी दशक सुटा करायची रीत शिकवली, आताच्या पुस्तकातली. त्या बदलून गेल्या. काही महिने वर्ग दुसऱ्या वर्गात बसला. मग आलेल्या सरांनी त्यांची जुनी रीत शिकवली: वर दहा द्यायचे, खाली एक वाढवायचा. दोन्ही रीती बिनचूक. मुलीनं दोन्ही गुरुजींचं ऐकलं, दोन्ही एकाच गणितात वापरल्या, आणि तिची दोन अंकी हातच्याची प्रत्येक वजाबाकी 10 नं चुकायला लागली. तपासणीत त्या वहीवर लाल फुली बसते. अहवालात लिहिलं जातं, विद्यार्थिनीची गणितातली क्रिया कच्ची आहे. ती मुलगी कच्ची नाही. ज्यांनी तिचे शिक्षक मधेच बदलले आणि नव्या माणसाला जुन्याशी एक तासभर बोलायचीही सोय ठेवली नाही, त्यांचं काम कच्चं आहे.

चार्ज देताना काय होतं ते पाहा. शाळेतल्या शिक्षकाला, विशेषतः मुख्याध्यापकाचा प्रभार असेल तर, कार्यमुक्त होण्याआधी चार्ज द्यावा लागतो. त्याची यादी असते. डेडस्टॉक रजिस्टर, कॅशबुक, बँकेचं पासबुक, चेकबुक. पंखे किती, त्यातले चालू किती. खुर्च्या, टेबलं, सतरंज्या. पोषण आहाराचा तांदूळ किती किलो, डाळ किती, तेल किती. गंज, पराती, कढया. टॅबलेट असेल तर तो, आणि कुलपाच्या किल्ल्या. एक डाव कमी भरला तरी विचारणा होते. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही.

या यादीत पोरं नाहीत. तिसरीतलं कुठलं पोर अजून जोडाक्षरावर अडतं, कुणाला लांबून फळा दिसत नाही, कुणाच्या घरी दारू आहे, कोण रोवणीच्या दिवसांत भावंडं सांभाळायला घरी राहतं, कोण चार शब्द बोलायला लागलं होतं आणि आता पुन्हा गप्प बसलं आहे, यातली एक ओळ कुठं लिहावी लागत नाही. ही माहिती गोळा करायला चांगल्या शिक्षकाला दोन वर्षं लागतात. त्याच्या मोटरसायकलबरोबर ती एका सकाळी गावाबाहेर जाते. नवा माणूस पुन्हा अ, आ, इ पासून पोरं ओळखायला लागतो.

आपल्या झाडीपट्टीत तर हे जास्तच खरं आहे. इथलं शाळेचं वर्ष धानाच्या वर्षाबरोबर चालतं. शाळा उघडते न उघडते तोच रोवणी लागते आणि माय-बाप दिवसभर बांधीत असतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा असतो. तीन वर्षं इथं राहिलेल्या गुरुजींना हे सगळं ठाऊक असतं. ते मंडईच्या आधीच महत्त्वाचा धडा उरकून घेतात. रोवणीत सायंकाळी घरी जाऊन पोर कुठं आहे ते बघतात. ऑक्टोबरात दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला वर्ग रिकामा का, हेच कळायला एक हंगाम जातो. त्याला गावची बोली कळायलाही वेळ लागतो, पोरांना त्याची कळायलाही.

शिक्षक बदलल्यानं होणारं नुकसान इतरांनी मोजलंही आहे. न्यूयॉर्क शहरात रॉनफेल्ड, लोब आणि वायकॉफ या तिघांनी चौथी-पाचवीच्या पोरांच्या निकालांचा अभ्यास केला. आठ वर्षांच्या साडेआठ लाखांवर नोंदी तपासल्या आणि 2013 मध्ये निष्कर्ष छापला. ज्या इयत्तेत शिक्षक जास्त बदलतात तिथं भाषा आणि गणित दोन्ही घसरतात, आणि मागे पडलेल्या पोरांच्या शाळांत सर्वांत जास्त घसरतात. यातला एक भाग मला महत्त्वाचा वाटतो. ज्या पोरांचा स्वतःचा शिक्षक बदलला नव्हता, त्यांचंही नुकसान झालं. शेजारच्या वर्गातला माणूस गेला की राहिलेल्याचं लक्ष, वेळ, उमेद सगळं तुटतं. आमच्या दोनशिक्षकी शाळेत राहिलेल्या एकाच्या अंगावर चार वर्ग, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम पडतं. त्यात 2027 च्या जनगणनेचं कामही. या ओझ्याचा अभ्यास करायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही.

शिक्षकानं जन्मभर एकाच शाळेत राहावं, असंही कुणी म्हणत नाही. जपानमध्ये सरकारी शाळेतले शिक्षक ठरावीक वर्षांनी बदलतातच. पण तिथं शैक्षणिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि बदल्याही 1 एप्रिललाच अमलात येतात. आपल्याकडे विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आधीच जूनअखेर उघडतात. त्यात 2025 मध्ये जिल्हांतर्गत बदल्यांचं गुऱ्हाळ शाळा सुरू झाल्यावरही चालतच राहिलं. कुणाला खो बसेल या चिंतेत गुरुजी मोबाइलवर पोर्टल बघत होते. त्या दिवसांत वर्गात किती शिकवलं गेलं असेल?

खासगी शाळांत याहून बरं आहे असं समजून पोरं कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवणाऱ्या पालकांनी एक करावं. तिथल्या मॅडम गेल्या वर्षी कोण होत्या, यंदा कोण आहेत, एवढं पोराला विचारावं. लहान गावांतल्या बहुतेक विनाअनुदानित शाळांत डीएड, बीएड झालेल्या मुली जूनमध्ये लागतात आणि चांगलं काही मिळालं की सुटतात. त्यांना मिळणारा पगार रोवणीच्या रोजीपेक्षा फार वर नसतो. त्यांनी राहावं कशाला?

सरकारही आता त्याच वाटेनं चाललं आहे. 2023 मध्ये निवृत्त शिक्षकांना 20 हजार रुपये मानधनावर शाळेत बोलावलं गेलं. शिक्षणसेवकाला 6 हजारांवर राबवत ठेवलं, ते 16 हजार व्हायला 2023 उजाडलं. 2025 मध्ये आदिवासी विकास विभागानं आश्रमशाळांतली 1,791 पदं बाह्यस्रोतातून भरायचं ठरवलं आणि वर्षानुवर्षं तिथं शिकवणारे रोजंदारी शिक्षक नाशिकला आयुक्तालयापुढे बिऱ्हाड मांडून बसले. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथं असू का हेच माहीत नाही, तो पोराच्या पुढच्या जूनचा विचार कुठून करील?

मुख्यालयी राहण्याचा वादही ऐकून घ्या. 2022 मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत विषय काढला, शिक्षक गावात राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता घेतात. महाराष्ट्रभर शिक्षक विरुद्ध गाव असा धुरळा उडाला. शिक्षक गावात राहिला तर उत्तमच. पण ज्या गावात भाड्यानं द्यायला धड खोली नाही, संडास-बाथरूम नाही, तिथं एकटी तरुण शिक्षिका कशी राहील? साकोली, लाखांदूर, वडसा किंवा भंडाऱ्याहून अप-डाऊन करणारा शिक्षक रोजच्या प्रवासाला कंटाळूनच पुढच्या फेरीत अर्ज भरतो. शाळेच्या आवारात दोन खोल्या बांधणं ग्रामपंचायतीला अशक्य नाही. सभामंडप आणि प्रवेशद्वारं बांधतोच की आपण.

या सगळ्याचा शेवट पटावर होतो. शिक्षक गेला, जागा रिकामी राहिली. पालकानं दोन महिने वाट पाहिली आणि पोर कॉन्व्हेंटला टाकलं. 30 सप्टेंबरला पट कमी भरला. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत एक पद उडालं. पट आणखी घसरला, राहिलेला शिक्षकही अतिरिक्त ठरला, समायोजनात दुसऱ्या शाळेत गेला. मग कार्यालयातून कागद येतो, पटसंख्या घटली. पट आपोआप घटला नाही. तो घटवला गेला, टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्यावर कुणाची तरी सही घेऊन.

कंटाळलेली गावं मग शाळेला कुलूप ठोकतात, पोरांना घेऊन पंचायत समितीच्या व्हरांड्यात शाळा भरवतात. त्या व्हरांड्यात एखादी माय साहेबाला विचारते, "सर, हेबी चालले, मंग आमच्या पोराले शिकवन कोन?" कुलूप लागलं की दुसऱ्या दिवशी प्रतिनियुक्तीवर शिक्षक येतो. तो शेजारच्या गावातून उचललेला असतो. आता कुलूप लावायची पाळी शेजारच्या गावाची. गावांनी एकमेकांचे शिक्षक पळवावेत अशी ही व्यवस्था आहे, आणि ती मोडायची असेल तर शेजारच्या गावाला बरोबर घेऊनच भांडावं लागेल.

मागणी मोठी नाही. बदलीवर आलेला माणूस हजर झाल्याशिवाय आधीच्याला कार्यमुक्त करू नये. बदल्यांची शेवटची तारीख 31 मे, त्यानंतर त्या वर्षी बदली नाही, पोर्टल बंद. कलम 26 चा 10 टक्क्यांचा हिशेब शाळेगणिक लावावा. पहिली-दुसरीचा वर्ग ज्याच्या हाती दिला, त्याला तो वर्ग तिसरीत जाईपर्यंत हलवू नये. आणि चार्जच्या यादीत एक पान वाढवावं, पोरागणिक चार ओळींचं, त्यावरही दोघांच्या सह्या. यातल्या शेवटच्या कामाला तर मंत्रालयाचा कागदही लागत नाही. तालुक्यातले शिक्षक ते उद्यापासून स्वतः सुरू करू शकतात, आणि त्यांनी ते करावं अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

दिघोरीकरांसाठी एक काम. येत्या ग्रामसभेत, रस्ता आणि नालीच्या आधी, शाळा व्यवस्थापन समितीला उभं करा आणि विचारा: आज चौथीत असलेल्या पोरांना पहिलीपासून किती शिक्षक झाले, आणि त्यांचा वर्ग किती दिवस शिक्षकाविना राहिला? उत्तर तोंडी घेऊ नका. ठरावात लिहून घ्या, आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पोचवून तिच्यावर आवक क्रमांक घ्या.